उत्तर: बायकांची नावं आणि बायकांचं काम

शेतजमीन बायकांच्या नावावर यावी या धोरणाबद्दल एक दावा केला जातो, त्याला हे उत्तर. दावा असा की २०१०-११ च्या कृषी गणनेत महिला खातेदार १२.८ टक्के होत्या, २०१५-१६ मध्ये १३.९ झाल्या, म्हणजे धोरण मार्गावर आहे. आकडे बरोबर आहेत. पण ही गणना वहिवाटीची आहे, म्हणजे शेतीचा कारभार कोणाकडे आहे याची; मालकीची नाही. राबणारी कोण, हे तर त्यात दिसतच नाही.

आमच्या कोकणात बघा. सातबारावर तीस नावं, निम्मी मुंबईत, दोन-चार तर देवाघरी. जमीन कसते माझी काकू. तरवा (भाताची रोपं) काढणं, लावणी, कापणी, सगळं तीच बघते. मार्चमध्ये ओले काजूगर काढायला बसते तेव्हा बोटांना राख चोळते, तरी चिकाने कातडी सोलवटतेच. तिचं नाव कुठेच नाही, कारण काका हयात आहेत आणि तेही सामायिकातले एक.

पीएम किसानचे वर्षाला ६००० मिळतात ते जमिनीच्या नोंदीवर. पीक कर्जालाही सातबाराच लागतो. एकदा काकू कर्जाची चौकशी करायला गेली, तर "मालकांना पाठवा" म्हणून परत पाठवली. (मालक दादरला, गणपतीला येतात.)

गंमत म्हणजे २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या जमिनीपुरती नाही, त्यात कुळं आणि शेतमजूरही येतात. कागद तयार आहे हो, योजना मात्र अजून उताराच मागतात. संशोधकांनी खातेदार मोजण्याऐवजी एकदा लावणीच्या दिवशी चोंढ्यात (सखल भातखाचरात) उभं राहून डोकी मोजावीत.