मदत हवी आहे: सोमवारी शाळेत आयईपीची मीटिंग, सही करू की नको?

मानेवाडा_आई
सोमवारी मीटिंग आहे, म्हणून लवकर सांगा. शाळेने मुलाचा या वर्षीचा आयईपी, म्हणजे त्याच्या एकट्यासाठीचा शिक्षणाचा आराखडा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मागच्या वर्षीचाच आहे, फक्त तारीख बदलली. 'वाचन सुधारणे, लेखन सुधारणे, एकाग्रता वाढवणे, आत्मविश्वास वाढवणे.' खाली पालकांची सही. काउन्सेलर मॅडम म्हणतात फॉर्मॅलिटी आहे, पाच मिनिटं लागतील. सही नाही केली तर सवलती बंद होतील का? आणि 'मोठा झाला की होते नीट' हे कोणी सांगू नका, घरी रोज ऐकून राहिली.

वर्धारोडकर
कितवीत आहे? बोर्ड कोणतं? निदान काय? सवलती कोणत्या? ताई, एवढं तरी सांगा न.

संत्रीवाला
करून टाका सही. पोट्ट्याला त्याच शाळेत राहायचं आहे, तुम्ही भांडून याल अन् वर्गात राग त्याच्यावर निघेल. माझा अनुभव आहे.

निसर्गमित्र
ब्राह्मी आणि शंखपुष्पी सुरू करा, सोबत सकाळी अनवाणी गवतावर चालणं. भाच्याचं अक्षर सुधारलं.

मानेवाडा_आई
पाचवी. स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण. सवलती म्हणजे जास्त वेळ देतात आणि शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत. ब्राह्मी नको, धन्यवाद.

वर्धारोडकर
रिपोर्ट खासगी की सरकारी?

मानेवाडा_आई
खासगी सायकॉलॉजिस्टचा. शाळेने तोच फाईलला लावला. त्याचा काय संबंध?

वर्धारोडकर
त्याचाच तर संबंध आहे, बाप्पा!

होमस्कूल_झिंदाबाद
शाळा सोडा, एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) करा. विषय आपल्या मर्जीचे, पेपर वेगवेगळ्या सत्रांत देता येतात. लोक उगाच शाळेच्या पाया पडतात.

खडू_फळा
एनआयओएसची दहावी द्यायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. पोरगं पाचवीत आहे. चार वर्षं घरी बसवायचं का त्याला?

होमस्कूल_झिंदाबाद
घरी शिकणं म्हणजे घरी बसणं नाही.

कलमबहाद्दर
ताई, घाबरू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही येते. कलम १६ वाचा. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग व प्रगती यांवर लक्ष ठेवणं, दोन्ही त्यात आहे. शाळा अनुदानित असो की नुसती मान्यताप्राप्त, लागू आहेच. 'दिव्यांगत्व ४० टक्के नाही म्हणून काही मिळणार नाही' असं कोणी म्हणालं तर विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी हा २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सरळ नोटीस पाठवा.

खडू_फळा
पाठवा नोटीस. मग शाळा प्रत्येक कागद वकिलाला विचारून देईल. मी शिक्षक आहे म्हणून सांगतो, माझ्या वर्गात ५८ पोरं आहेत. त्यात इलेक्शनची ड्युटी, ऑनलाइन माहिती भरणं. एकेकाचा आराखडा काय डोंबल पाळणार? चार ओळी लिहितात कारण चार ओळींपलीकडे वेळच नसतो.

मानेवाडा_आई
सर, तुमचा त्रास समजते. पण मग सही माझी काहून लागते?

निवृत्त_विशेष_शिक्षिका
दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आयईपी हा शाळेच्या आतला आराखडा. त्यावर सही केली नाही म्हणून कायद्याने मिळणारी सवलत जात नाही. बोर्डाच्या सवलती, म्हणजे तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक वगैरे, या प्रमाणपत्रावर मिळतात आणि त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. खासगी रिपोर्टवर शाळा आज सांभाळून घेते आहे, दहावीला नागपूर विभागीय मंडळ घेणार नाही. आठ वर्षांच्या आत हे प्रमाणपत्र देत नाहीत, तुमचा मुलगा त्यापुढे गेला आहे, तेव्हा आताच सुरुवात करा. आधी डोळे आणि कान तपासतील, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका फेरीत होत नाही. तिथे एक आवर्जून सांगा: घरी मराठी, खाली मैदानात हिंदी, गणित-विज्ञान इंग्रजीत. आपल्या नागपुरात निम्म्या पोरांचं हेच आहे, आणि इंग्रजी उताऱ्यावर अडखळला एवढ्यावरून काही ठरवणं बरोबर नाही. मराठी वाचनही तपासायला सांगा.

आता आराखडा. 'वाचन सुधारणे' हे लक्ष्य कधीच पूर्ण होत नाही आणि कधीच चुकत नाही, म्हणून तर ते दर वर्षी तसंच छापता येतं. सोमवारी मॅडमना विचारा, आज तो कुठे आहे? न पाहिलेला तिसरीचा मराठी उतारा द्या, एक मिनिट लावा, बरोबर वाचलेले शब्द मोजा. चुका कशात आहेत ते लिहा. रफार आणि रकार गोंधळतो का ('कर्म' आणि 'क्रम')? वेलांटी सुटते का? जोडाक्षर आलं की अंदाजाने पुढे पळतो का? हा झाला आजचा आकडा. मग दिवाळीच्या सुट्टीआधी किती व्हायला हवा, रोज १५ मिनिटं कोण बसणार, कोणत्या तासाला, हे त्याच्यापुढे. 'एकाग्रता' आणि 'आत्मविश्वास' काढून टाका, मोजता येत नाहीत.

खडू_फळा सर, ५८ पोरांत चार धूसर लक्ष्यं पाळण्यापेक्षा दोन मोजता येणारी सोपी पडतात. मी तीस-एक पोरांत केलं आहे, मान्य, पण केलं आहे. शिवाय समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक शहर साधन केंद्रात असतात, शाळेने मागणी करावी.

आणि आढाव्यात आकडा वाढला नसेल तर पहिला प्रश्न पद्धतीला विचारायचा. आपल्याकडे उलटं होतं, 'मेहनत घेत नाही' असा शेरा मारून तोच कागद पुढच्या वर्षी.

खडू_फळा
विशेष शिक्षक एकच, शाळा ढीगभर. खासगी शाळेत तो कधी उगवतो ते मला दाखवा. बाकी दोन लक्ष्यांचं पटलं.

संत्रीवाला
एवढं सगळं बोलायला पाच मिनिटं पुरणार का?

वर्धारोडकर
म्हणूनच आज रात्रीच मेल टाका. 'मागच्या आराखड्यातलं काय झालं आणि आजची पातळी काय, एवढं सोमवारी सांगा.' व्हॉट्सअ‍ॅपवर नको, मेलच. सही मागितली तर 'प्रत मिळाली' लिहून तारखेसह करा. मंजुरी वेगळी, पोच वेगळी.

कलमबहाद्दर
हे मात्र माझ्या नोटिशीपेक्षा बरं.

नंदनवन_बाबा
मध्येच विचारतो, माफ करा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलांना उत्पन्नाचा दाखला लागते का? माझी मुलगी साडेपाचची आहे, ऐकायला कमी येते.

निवृत्त_विशेष_शिक्षिका
वेगळा धागा काढा, इथे हरवेल. पण यंत्र घेतलं का? श्रवणयंत्र आधी, शाळा नंतर.

मानेवाडा_आई
जाऊन आली. मेल टाकला होता म्हणून मुख्याध्यापिकाही बसल्या. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, असं मोजत नाही आम्ही. मग क्लासटीचरनेच उतारा आणला आणि मोबाईलवर मिनिट लावलं. ४१ शब्द. जोडाक्षर आलं की पळतो, मॅडम, अगदी तुम्ही लिहिलं तसंच. दिवाळीआधी ५५ ठरलं. रोज शून्य तासाला क्लासटीचर बसणार, आठवड्यातून दोनदा तरी जमते म्हणाल्या. 'रोज' कागदावर आहे, 'दोनदा' तोंडी. 'आत्मविश्वास' काही काढला नाही त्यांनी, म्हणे फॉरमॅट वरून येतो. 'प्रत मिळाली' लिहून आली. डोळे-कान तपासायची वेळ घेतली.

खडू_फळा
दोनदा होईल. रोज लिहून घेतलं ते बरं केलं.

निसर्गमित्र
४१ वरून ५५ साठी ब्राह्मी सोबत घेतली तर बिघडते काय?

मानेवाडा_आई
भाऊ, तुम्हीच घ्या. कोणाला सरकारी तपासणीला सकाळी किती वाजता जाऊन लायनीत लागावं लागते ते माहीत आहे का?