वटहुकमाची सोय हवीच कशाला?

आडगावकर:
कायदा संसदेने करायचा, सरकारने राबवायचा, असं शाळेत शिकलो. मग राज्यघटनेतल्या कलम १२३ चं काय? अधिवेशन चालू नसलं की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती वटहुकमावर सही करतात, झाला कायदा. १९६९ ला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम १९ जुलैला निघाला. अधिवेशन होतं २१ जुलैला! दोन दिवस दम धरवत नव्हता? माझ्या मते हे कलमच काढून टाकावं.

मीनल१२:
काढा की. आणि एप्रिल २०२० सारखी वेळ आली तर? डॉक्टर-नर्सना मारहाण होत होती, संसद २३ मार्चलाच उठली होती. २२ एप्रिलच्या वटहुकमाने असे हल्ले अजामीनपात्र झाले, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा. रेल्वे-विमानं बंद असताना खासदार दिल्लीला काय चालत येणार होते? शिवाय अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायदा केला नाही तर वटहुकूम आपोआप मरतो.

आडगावकर:
मरतो कुठे? पुन्हा काढतात. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ दरम्यान २५६ वटहुकूम असेच जगवले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. विधानसभा बसायची, उठायची, की तोच मजकूर परत जारी. पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा चिकाटीने मोजत बसले म्हणून कळलं तरी.

जुना कारकून:
मग पुढचंही सांगा ना. वाधवा कोर्टात गेले आणि १९८६ ला सुप्रीम कोर्टाने ही राज्यघटनेशी लबाडी ठरवली. २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने वटहुकूम सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक असल्याचंही बजावलं. लगाम आहे. मला खटकतं ते वेगळंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन शेती कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झालं. तिथे कुठे वटहुकूम होता? अधिवेशन तर चालू होतं.

आडगावकर:
निदान विरोधकांना ओरडता तरी आलं. वटहुकूम रात्री निघतो आणि आपल्याला सकाळी पेपरात कळतो.

मीनल१२:
ओरडणं म्हणजे चर्चा का? बरं, मधला मार्ग: अधिवेशनाची तारीख एकदा जाहीर झाली की वटहुकूम काढायचा नाही.

आडगावकर:
चालेल. पण तारीख ठरवतं कोण? सरकारच ना?

जुना कारकून:
सरकारच. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, एवढंच कलम ८५ म्हणतं.