वर्गात हसरा चेहरा ठेवायचा आणि घरी येऊन कोसळायचं, हीच का भावनिक बुद्धिमत्ता?

प्रश्न:
बारा वर्षं झाली शिकवतेय. कोविडमध्ये स्क्रीनवर नुसती नावं दिसायची, सगळ्यांचे कॅमेरे बंद, तेव्हापासून जो थकवा बसलाय तो गेलाच नाही. मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीचे वडील वारले, ती परत आली त्या दिवशी मी नेहमीसारखी हसून शिकवत राहिले आणि घरी येऊन माझ्या मुलावर पाणी सांडलं म्हणून ओरडले. ट्रेनिंगमध्ये सांगतात की भावनांवर कंट्रोल ठेवा. ठेवते की, मग एवढी का दमते?

उत्तर १:
मॅडम, तुम्हाला अर्धंच सांगितलंय. सालोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली त्यात आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यातला फरक कळणं आणि त्याप्रमाणे वागणं असं सगळं आहे, नुसतं दाबणं नाही. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं दिवसभर वागणं हेसुद्धा कामच असतं हो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्येच एअर होस्टेसच्या नोकरीवर लिहिताना त्याला भावनिक श्रम म्हटलं होतं. दिवसाचे पाच-सहा तास तेच केलं तर माणूस दमणारच, त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

उत्तर २:
मी एक करतो, तास सुरू व्हायच्या आधी मनात काय चाललंय ते एका शब्दात वहीत लिहितो. 'टेन्शन' असला मोघम शब्द नाही, राग की भीती की वाईट वाटतंय ते नेमकं. आणि मुलांना सरळ सांगतो की आज मी जरा थकलोय, आवाज कमी ठेवा. ऐकतात पोरं, खरंच ऐकतात.

उत्तर ३:
वही ठीक आहे पण सगळं शिक्षकाच्याच डोक्यावर नका टाकू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या दिली त्यात स्पष्ट म्हटलंय की तो कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येतो. वर्ग जास्त, कागदपत्रं वेगळी, रात्री दहाला पालकांचे मेसेज, हे कमी झाल्याशिवाय कितीही श्वासाचे व्यायाम करा, काय उपयोग? ताई, मुख्याध्यापकांशी बोला, एकट्या नको, दोघीतिघी मिळून जा.

प्रश्न विचारणारी:
सगळ्यांचे आभार. आज तासाच्या आधी वहीत लिहायला बसले, 'राग' लिहीन असं वाटलं होतं पण 'भीती' लिहिलं गेलं. माझे वडील सहा महिने आजारी आहेत. त्या मुलीकडे मी धड बघतच नव्हते, ते आत्ता कळलं. उद्या तिच्याशी बोलते.