पेयोटे निवडुंग सर्वांसाठी खुला करावा का?

माळरान:
अमेरिकेत गुंगी आणणाऱ्या वनस्पतींवरील निर्बंध सैल करण्याची मागणी वाढत आहे. ओकलंड शहराने २०१९ साली निर्बंध शिथिल केले, तेव्हा त्यात पेयोटेही होता. कोलोरॅडोच्या मतदारांनी २०२२ साली मंजूर केलेल्या प्रस्तावातून मात्र तो वगळला गेला. हे वगळणे मला योग्य वाटते. हा बिनकाट्यांचा, जमिनीलगत बटणासारखा बसलेला निवडुंग फक्त दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या पट्ट्यात नैसर्गिकरीत्या वाढतो, आणि बी रुजल्यापासून फूल येईपर्यंत रानात दहा वर्षे सहज जातात. गवताळ कुरणांसाठी तिथली झुडपे मुळासकट नांगरली जात आहेत. अशा वेळी हौशी गिऱ्हाइकांची गर्दी त्याला सोसवणार नाही.

कलमवाला:
वाढ मंद आहे हे मान्य, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पेयोटेचे कोवळे रोप भराभर वाढणाऱ्या दुसऱ्या निवडुंगावर कलम केले, तर ते कितीतरी लवकर फुलावर येते. लागवड मोकळी केली, तर रानावरचा ताण उतरेल. बंदीमुळे माणसे चोरून रानातच शिरतात. शिवाय अमेरिकी कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने पेयोटेच्या धार्मिक वापराचे संरक्षण दिले ते मूळ रहिवाशांच्या मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना. श्रद्धा तीच असूनही केवळ जन्म वेगळा म्हणून एखाद्याला गुन्हेगार ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

माळरान:
ते संरक्षण कशातून आले, हेही पाहावे. ओरेगॉनमधील व्यसनमुक्तीच्या दोन समुपदेशकांनी विधीत पेयोटे घेतला म्हणून त्यांची नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला गेला, आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नकार योग्य ठरवला. त्यानंतर चार वर्षांनी कायदा बदलला. नेटिव्ह अमेरिकन चर्चची, म्हणजे विधीत पेयोटे घेणाऱ्या मूळ रहिवाशांच्या धर्मसंघाची, नोंदणी १९१८ ची असली, तरी १६२० सालीच मेक्सिकोतील धर्मन्यायालयाने या निवडुंगावर बंदी घातली होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी शिक्षा सोसल्या, त्यांनीच आज पेयोटेला हात लावू नका अशी विनंती केली असेल, तर ती ऐकणे हा पक्षपात नव्हे.

हिकुरी:
मी कलमवाल्यांशी अर्धाच सहमत आहे. कुंडीत वाढलेले रोप रसायनाच्या दृष्टीने तेच असेल, कारण मेस्कलीन हे गुंगी आणणारे द्रव्य दोन्हींत असते. परंतु मेक्सिकोतील विशारिका लोक, ज्यांना बाहेरचे हुइचोल म्हणतात, ते विरिकुताच्या वाळवंटात यात्रा करून जातात, तेव्हा आपल्या चुका सांगून प्रत्येकीसाठी दोरीला गाठ मारतात आणि ती दोरी अग्नीत टाकतात. पहिला सापडलेला हिकुरी, म्हणजे पेयोटे, हा हरीण मानून त्यावर बाण सोडतात. तो वाट चालून शोधायचा असतो. बाजारातून आणलेल्या कुंडीत ही वाट कुठून येणार?

काढण्याच्या पद्धतीकडेही लक्ष हवे. जाणकार माणूस सपाट पात्याने जमिनीच्या पातळीला फक्त हिरवा माथा कापतो. खाली उरलेल्या खोडाच्या भागातून नवे माथे फुटतात. पाते खोल जाऊन नुसते मूळ उरले, तर त्यातून काहीच फुटत नाही. घाईने गोळा करणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

कलमवाला:
तुमची खोड आणि मूळ यांची गोष्ट मी मनावर घेतली आहे. बाजारासाठी रानातून काढण्यावर कडक बंदी असावी, हे मी आता मानतो. पण लागवडीचा प्रश्न सुटत नाही. टेक्सासमधील पेयोटेची बहुतेक जमीन कुंपण घातलेली खासगी कुरणे आहेत, आणि विधीसाठी लागणारा माल परवानाधारक विक्रेत्यांकडून घ्यावा लागतो. मूळ रहिवाशांच्या संस्थेने संवर्धनासाठी सुमारे ६०० एकर जागा घेतली, ते चांगलेच झाले. तिथे त्यांच्या हातांनी वाढलेली रोपे रानात परत लावायला तरी तुमची हरकत आहे का?

माळरान:
त्यांच्या हातांनी, त्यांच्या जमिनीत, त्यांनी ठरवलेल्या वेळी असेल, तर नाही. माझी हरकत आहे ती बाहेरच्यांनी हे त्यांच्या वतीने ठरवण्याला.