अभयारण्यात मेलिफेराच्या पेट्या नकोत

सह्यकडा: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे व्यापारी मधपाळांना मेलिफेराच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या पाळीव मधमाशीच्या, पेट्या लावायला परवानगी मिळू नये, असं माझं ठाम मत आहे. जंगलातला फुलोरा रिकामा पडलेला नसतो. सातेरी, आग्या, फुलोरी, कोती या देशी मधमाश्या आणि एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी रानमाश्या त्यावरच जगतात. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये हिशोब मांडला होता: चाळीस पेट्या तीन महिने रानात ठेवल्या तर सुमारे ४० लाख एकट्या माश्यांची पिल्लं वाढतील इतका पराग त्या नेतात. आपल्याकडे तर एकेका ट्रकमधून शेकडो पेट्या येतात.

पेटीवाला: तो हिशोब अमेरिकेचा. तिथे मधमाशी मुळात बाहेरून आणलेली, इथे सातेरी आणि आग्या हजारो वर्षं आहेत, त्यामुळे इथली झाडं पोळ्याच्या माश्यांना सरावलेली आहेत. मेलिफेरा आपली नाही हे मान्य, पण सह्याद्रीच्या पावसात आणि गांधीलमाश्यांपुढे ती माणसाच्या मदतीशिवाय टिकत नाही. ती रानात पसरणार कशी? राजस्थानातल्या मोहरीचा फुलोरा संपला की आम्ही पेट्या न्यायच्या कुठे? सूर्यफुलाचं क्षेत्र घटलं, बाकी शेतात फवारणी. विष नसलेली जागा म्हणजे जंगलच.

सह्यकडा: ती टिकत नाही, हे खरं. पण प्रश्न ती इथे असते त्या महिन्यांतल्या परागाचा आहे. शिवाय फुलोरा ओसरला की मेलिफेरा सातेरीची पोळी लुटते, हे कोणताही जुना मधपाळ सांगेल. आणि फवारणीचा राग शेतखात्यावर काढायला हवा, त्याची भरपाई अभयारण्याने का करायची?

जांभूळपाडा: मी महाबळेश्वर भागातला, सातेरीच पाळतो. २०२२ मध्ये आमच्याकडचं मांघर ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, ते सातेरीच्याच जोरावर. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि सात-आठ वर्षांनी येणारी कारवी, हीच आमची शेती. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध हे गौण वनोपज आहे, त्यावर हक्क गावकऱ्यांचा. बाहेरून ट्रक आणणाऱ्याला तो मिळत नाही. पण सह्यकडा, तुमच्या मागणीत ‘मेलिफेरा’ हा शब्द कधीच गळू देऊ नका. कागदावर नुसतं ‘मधपेट्यांना बंदी’ उतरलं तर पहिली उचलली जाईल ती आमच्या परड्यातली पेटी.

पेटीवाला: आणि रोगाचं खापर फक्त आमच्यावर फोडू नका. १९९१-९२ मध्ये दक्षिणेत सातेरीच्या वसाहती थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूरोगाने साफ झाल्या. तो रोग सातेरीचाच.

सह्यकडा: एका रोगाने इतकं होतं, म्हणूनच तर राज्याबाहेर फिरून आलेल्या पेट्या सातेरीच्या घरात नकोत. जांभूळपाडा, तुमचा मुद्दा पटला. मागणी अशी लिहू: मेलिफेरा संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून तीन किलोमीटर बाहेर, मालकी जमिनीत. गावकऱ्यांची सातेरी आत, ग्रामसभेच्या ठरावाने.

पेटीवाला: जावळी-पाटणच्या अरुंद खोऱ्यांत तीन किलोमीटर सोडले तर रस्त्यालगत पेटी टेकवायलाही जागा उरायची नाही. एक किलोमीटर ठेवा आणि पेट्यांची संख्या बांधून द्या, त्यावर मी सही करतो.

जांभूळपाडा: एक किलोमीटरवरून मेलिफेरा सहज आत येते. संख्या बांधून घेऊ, पण कारवीच्या वर्षी एकही पेटी नको.