पाकीटबंद खाणं की चिनी वैद्यकातला आहार: नेमकं काय वाचवतं?

चुलवण

मुद्दा सरळ मांडतो. चिनी वैद्यकात ज्याला यांगशंग म्हणतात, म्हणजे रोजच्या राहणीतून तब्येत जपणं, त्यातल्या जेवणाच्या सवयी कारखान्यातल्या खाण्यापासून खरोखर वाचवतात. त्या का वाचवतात हे आज मोजूनही सांगता येतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी 20 माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (म्हणजे कारखान्यात बनलेलं, तयार पाकिटातलं) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊ लागली. दोन आठवड्यांत सरासरी 0.9 किलो वजन वाढलं आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. त्यात एक गोष्ट ठळक दिसली: अतिप्रक्रिया केलेलं अन्न माणसं भराभर संपवत होती.

आता यांगशंगचे नियम बघा. सकाळी गरम पेज, जेवताना गार पाणी नाही, पोट दहापैकी सात हिस्से भरलं की थांबायचं, रात्री हलकं जेवायचं. वैद्यकाच्या मते गार अन्नाने ‘पी’ दुबळी होते. याचं भाषांतर प्लीहा असं करतात, पण अर्थ आपल्याकडच्या अग्नीला जवळचा आहे. ते कारण पटो न पटो, गरम वाडगा घाईने रिकामा करता येत नाही.

याउलट झटपट नूडल्स. पट्टी आधी वाफवतात, मग साधारण 150 अंशांच्या पामतेलात एक-दोन मिनिटं तळतात. पाणी निघून जातं आणि त्या जागी तेल शिरतं, वजनाच्या 15 ते 20 टक्के. मसाल्याची पुडी धरली तर बऱ्याच पाकिटांत सोडियम 2,000 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादाही तेवढीच आहे. चीनमध्ये अशी पाकिटं जगात सर्वांत जास्त खपतात.

मिठाचा_खडा

चुलवण, नूडल्सबद्दल दुमत नाही. पण परंपरेला ढाल म्हणताना तिची भोकंही मोजा.

पहिलं भोक मिठाचं. पाश्चात्य देशांत बहुतेक मीठ पाकिटातून पोटात जातं, तर चीनमध्ये ते वर्षानुवर्षं घरच्या कढईतून येत आलंय. एक मोठा चमचा (15 मिलिलीटर) सोया सॉस म्हणजे जवळपास 900 मिलिग्रॅम सोडियम. त्यात लोणच्याची भाजी आणि खारवलेलं मांस वेगळंच. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगकडची खारी मासळी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकली आहे, म्हणजे तिने नाक-घशाचा कर्करोग होतो हे सिद्ध मानलंय. सॉसेज आणि बेकनही त्याच गटात आहेत. आजीने खारवलं की कारखान्याने, शरीराला फरक पडत नाही.

दुसरं, ‘गरम’. त्याच संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवली. चहा ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबा हे यांगशंग सांगणाऱ्यांनीही सांगायला हवं.

तिसरं म्हणजे पेज. जगात सर्वाधिक मधुमेही चीनमध्ये आहेत, आणि तासभर शिजून विरघळलेल्या पांढऱ्या तांदळाच्या पेजेने साखर भाताहूनही वेगाने चढते. पचायला हलकं याचा अर्थ रक्तात लवकर उतरणारं, असाही होतो.

चुलवण

मिठाचं मान्य. उलट तुमच्या बाजूने मीच भर घालतो. चीनच्या 600 खेड्यांत सुमारे 21,000 जणांवर पाच वर्षं चाचणी झाली, निष्कर्ष 2021 मध्ये आले. सगळ्यांना पूर्वी पक्षाघात झालेला होता किंवा वय साठीपुढे आणि रक्तदाब वाढलेला. निम्म्या खेड्यांत घरचं मीठ बदलून 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण दिलं. पक्षाघात 14 टक्क्यांनी घटले. स्वयंपाक तोच राहिला, फक्त बरणी बदलली.

पेजेचं मात्र पूर्ण मान्य नाही. आजाऱ्याची पेज आणि रोजची न्याहारी या दोन गोष्टी आहेत. आजाऱ्यासाठी एक वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी आणि मंद आचेवर तास, ते ठीक. मधुमेह्यासाठी अर्धा तांदूळ काढून अख्खे मूग घाला (रात्रभर भिजवून), पाणी सहा-सात वाट्या, आणि दाणा बोटाने दाबल्यावर फुटेल पण आकार धरून असेल तिथे गॅस बंद. ती नुसती पिऊ नका. चीनच्या आरोग्य आयोगाची 2023 ची मधुमेहाची आहारसूची वैद्यकातले पदार्थ सुचवते आणि क्रमही देते: आधी भाजी, मग मांस-अंडं, शेवटी भात-पेज. परंपरा स्वतःला दुरुस्त करते, ती अशी.

पाकीट_उलटं_धरा

दोघेही चुलीपाशी उभे आहात. पण चीनच्या शहरांत ‘परंपरा’ आता डब्यातूनच विकली जाते. लियांगछा हा कडू वनस्पतींचा काढा, ‘अंगातली उष्णता’ उतरवणारा. डब्यातल्याच्या घटकांत पाण्यानंतर दुसरं नाव बहुधा साखरेचं असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, तेव्हा पहिली तीन नावं वाचली तरी पुरतं.

चिनी पाकिटावर सध्या ऊर्जा, प्रथिनं, चरबी, कर्बोदकं आणि सोडियम एवढंच सक्तीचं आहे. साखरेची वेगळी ओळ नाही. म्हणून पेयात कर्बोदकांची ओळ बघा. समजा 100 मिलिलीटरला 9 ग्रॅम लिहिलंय आणि डबा 310 चा, तर जवळपास 28 ग्रॅम, आणि पेयात ती बहुतेक साखरच. चीनच्या 2022 च्या आहारसूत्रांत वरून घातलेली साखर रोज 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी म्हटलंय. गफलत इथेच होते: आकडा 100 मिलिलीटरचा असतो आणि वाचणारा तो डब्याचा समजतो. नवा नियम 16 मार्च 2027 पासून साखर आणि संपृक्त चरबी सक्तीची करतोय. तो आधीच यायला हवा होता.

भिजलेलं_कडधान्य

‘प्रक्रिया’ या शब्दालाच वाईट ठरवू नका. ब्राझीलचे संशोधक मोन्तेइरो यांच्या नोवा वर्गवारीत अन्नावर किती प्रक्रिया झाली यावरून चार गट आहेत, चौथा अतिप्रक्रिया केलेल्यांचा. जिप्सम घालून धरवलेलं टोफू त्यातल्या तिसऱ्या गटात बसतं, चौथ्यात नाही.

आणि प्रक्रिया कमी पडली तरी बाधतं. घरचं सोयादूध घ्या. 80 अंशांच्या आसपास फेस भांड्याच्या काठापर्यंत चढतो आणि उकळी आली असं वाटतं. चिनी स्वयंपाकी याला खोटी उकळी म्हणतात. तो फेस सॅपोनिनचा, म्हणजे सोयाबीनमधल्या साबणासारख्या फेसाळणाऱ्या घटकाचा. तिथेच गॅस बंद केला तर सॅपोनिन आणि प्रथिनं पचू न देणारा घटक दोन्ही शिल्लक राहतात. तासाभरात मळमळ, उलट्या, पोटात मुरडा. आच कमी करा, फेस बसू द्या, मग खरी उकळी आल्यावर आणखी पाच ते दहा मिनिटं ढवळत ठेवा. भांडं निम्मंच भरा.

मिठाचा_खडा

हे सोयादुधाचं लिहिलंत ते फार बरं झालं. आता बदललेल्या मिठाबद्दल, कारण वाचून कोणी उद्याच आणेल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

ज्येष्ठमधाचं नेमकं उलटं. चिनी काढ्यांत ते जवळपास सगळीकडे असतं आणि आपल्या घरांतही आहे. त्यातल्या ग्लिसिरायझिनने पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. खोकल्यासाठी दोन दिवस घेणं निराळं, रोजचा चहा म्हणून महिनोन्महिने घेणं निराळं. रक्तदाब आवाक्यात येत नसेल तर डबीतली ती काडी डॉक्टरांना दाखवा.