स्पीड भरपूर, तरी व्हिडिओ कॉल अडकतो

घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, यूट्यूब मस्त चालतं, पण आई मागच्या खोलीतून दादाला जर्मनीला व्हिडिओ कॉल लावते तेव्हा त्याला तिचा चेहरा धूसर दिसतो आणि आवाज तुटतो. फोन जुना आहे. फोन बदलू की प्लॅन वाढवू?

> प्लॅनला हात लावू नका. यूट्यूब पुढचं आधीच भरून ठेवतं म्हणून नेट मधेच अडखळलं तरी कळत नाही, कॉलमध्ये बोललेलं लगेच पोचावं लागतं. एचडी कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात पण ते अपलोडलाही हवेत, आणि दादाला धूसर दिसतंय म्हणजे बहुतेक तुमच्याकडून जातानाच अडतंय. आईंना राउटरजवळ बसवून बघा आधी.

> +१. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतो, मागच्या खोलीत फोन २.४ च्या पट्ट्यावर घ्या, फक्त तेव्हा मायक्रोवेव्ह नको, तोही त्याच पट्ट्यात चालतो.

> फोनचं पण बघा हो, जुना फोन तापला की प्रोसेसर आपोआप मंदावतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावून बोलू नका. आणि उजेड तोंडावर हवा, अंधारात चित्र दाणेदार होतं नि त्याला डेटाही जास्त लागतो.

थँक्स, आज रात्री राउटरजवळ बसवते आईला, फोनचं नंतर बघू.